मुक्कामी गाडीचा हिशोब: धुळ्याच्या ओट्यावर आखलेली नॉर्डकॅपची वाट

गेल्या दिवाळीपासून दर रविवारी सकाळी आमच्या देवपूरच्या घराच्या ओट्यावर उत्तर युरोपचा मोठा नकाशा पसरला जातो, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या जातात आणि आप्पा चष्मा पुसून त्याच्यापुढे मांडी घालून बसतात. आप्पा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षे त्यांनी एसटीची गाडी चालवली. आधी धुळे–नंदुरबार–नवापूर, मग चाळीसगावमार्गे औरंगाबाद आणि शेवटची काही वर्षे मुंबईची रातराणी. येत्या जुलैमध्ये मी, माझे पती, आप्पा आणि माय असे चौघे डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे या चार देशांतून भाड्याच्या मोटारीने नॉर्वेच्या उत्तर टोकावरील नॉर्डकॅप या कड्यापर्यंत जाऊन परत येण्याचा सुमारे साडेपाच हजार किलोमीटरचा प्रवास करणार आहोत. गाडी मी आणि माझे पती चालवणार आहोत, परंतु वेळापत्रक आप्पांचे आहे, आणि ते त्यांचे कसे झाले हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण अशा प्रवासाची आखणी करणाऱ्या कोणालाही त्याचा उपयोग होईल.

पहिला आराखडा मी एकटीने संगणकावर केला होता. त्यात एकवीस दिवस होते आणि नऊ देश: जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुएनिया आणि पोलंड. एकूण अंतराला दिवसांनी भागले की रोजचे साडेतीनशे किलोमीटर येत होते. धुळ्याहून मुंबई तेवढीच आहे आणि ते अंतर आम्ही सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत कापतो, म्हणून मला तो आराखडा सहज जमण्यासारखा वाटला. आप्पांनी छापील कागद हातात घेतला, पहिल्या पानावरून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवले आणि एकच गोष्ट विचारली, "किलोमीटर लिहिलेस, तास कुठे आहेत?"

त्यांचे म्हणणे मला पूर्ण कळायला तो रविवार गेला. चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट लागतो. कागदावर ते अंतर किरकोळ दिसते, पण घाटात एखादा मालट्रक बंद पडला तर त्या किरकोळ अंतराने त्यांची अख्खी फेरी गिळलेली त्यांनी अनेकदा पाहिली आहे. म्हणून आगारात नवा चालक आला की ते त्याला किलोमीटर सांगत नसत; घाट किती, गावे किती, फाटक कुठे आणि चहा कुठे, एवढेच सांगत. नॉर्वेच्या बाबतीत ही पारख शब्दशः खरी ठरते. तिथे वस्तीबाहेरच्या रस्त्यावर साधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, वस्तीत ५०, आणि उत्तरेकडचा मुख्य रस्ता ई-६ हा बराचसा दुपदरी आहे. तो फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या अरुंद खाडीच्या, काठाकाठाने आत जातो, वळसा घेतो आणि समोरच दिसणाऱ्या पैलतीरावर तासाभराने बाहेर येतो. कॅमेरे आहेत, दंड जबर आहेत आणि वेग वाढवून वेळ भरून काढण्याची सोय नाही. थांबे धरून प्रत्यक्ष सरासरी ताशी ५५ ते ६० किलोमीटर धरणेच शहाणपणाचे आहे. या हिशोबाने आप्पांनी माझ्या कागदावर प्रत्येक दिवसापुढे लाल शाईने तास लिहिले, आणि एका दिवसापुढे तेरा हा आकडा आला तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावून कागद माझ्याकडे परत दिला.

दुसऱ्या आराखड्यासाठी आम्ही एक कायदा आधाराला घेतला. युरोपीय संघात मालवाहू आणि प्रवासी वाहनांच्या व्यावसायिक चालकांसाठी २००६ सालचा नियम आहे: सलग साडेचार तास गाडी चालवली की किमान ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला एकूण नऊ तासांची मर्यादा (आठवड्यातून दोनदा दहा), आणि रोज साधारणपणे अकरा तासांची अखंड विश्रांती. खासगी मोटारीला तो लागू नाही. आप्पांना मात्र तो इतका पटला की त्यांनी तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला आणि आमच्यासाठी त्याहून कडक केला. आमच्या गाडीचे चाक दिवसात सहा तासांपेक्षा जास्त फिरणार नाही, तीन तासांनी चालक बदलेल आणि मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी सहाच्या आत पोहोचायचे. खेड्यात रात्री जाऊन थांबणारी आणि पहाटे तिथूनच निघणारी मुक्कामी गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. त्या गाडीची खरी जबाबदारी चालण्याची नसते, वेळेवर जाऊन थांबण्याची असते.

सहा तासांचा नियम लावल्यावर नकाशावरून देश गळू लागले. जर्मनी आणि पोलंड पहिल्याच दिवशी गेले, त्यांची मला फारशी खंत वाटली नाही. तिन्ही बाल्टिक देश सोडणे मात्र जड गेले. हेलसिंकीहून टॅलिन समुद्राने ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे आणि मोटारीसकट नेणाऱ्या बोटी दोन तासांत पोहोचवतात, त्यामुळे निदान एस्टोनियाला पाय लावून यावे असे मला शेवटपर्यंत वाटत होते. पण पाय लावून येणे म्हणजे पाहणे नव्हे, आणि आपल्याकडे अष्टविनायक दोन दिवसांत उरकणाऱ्यांना घरी आल्यावर कोणता गणपती कुठला हे आठवत नाही, असे माय म्हणाली, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. चार देश आणि चोवीस दिवस राहिले. त्यांतले तीन दिवस आप्पांनी वहीत मुद्दाम कोरे ठेवले आहेत. पाऊस, थकवा, चुकलेली बोट किंवा एखादे आवडलेले ठिकाण यांसाठी ते आहेत, आणि ते दुसऱ्या कशाने भरायचे नाहीत असे घरात ठरले आहे.

जुलै का, हेही सांगितले पाहिजे. आम्ही दोघे पती-पत्नी बांधकाम-अभियंते आहोत आणि पावसाळ्यात आमची कामे मंदावतात. शिंदखेड्याकडील शेतात कपाशीची लावण मृग-आर्द्रांत आटोपली की पुढचे धाकटा भाऊ पाहतो. तिकडच्या बाजूने पाहिले तर नॉर्वेचे उंचावरचे काही घाटरस्ते हिवाळ्यात बर्फाखाली बंद असतात आणि मे-जूनमध्ये एकेक करून उघडतात. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वीडन आणि फिनलंडमध्ये मध्य-उन्हाळ्याचा सण येतो. त्याच्या आदल्या दिवशी शहरे ओस पडतात, दुकाने बंद होतात आणि सगळी माणसे गावाकडे, तळ्याकाठी जातात. आणि नॉर्डकॅपला मध्यरात्रीचा सूर्य साधारण १४ मे ते २९ जुलै एवढाच काळ मावळत नाही. या सगळ्यांच्या मधोमध जुलैचे पहिले तीन आठवडे उरतात.

मार्ग असा आहे. कोपनहेगनला उतरून मोटार घ्यायची आणि एका मुक्कामानंतर ऑरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनमध्ये जायचे. या एका ओलांडणीसाठी मी कित्येक वर्षे थांबले आहे. डेन्मार्कच्या काठावरून निघालेला रस्ता आधी सुमारे चार किलोमीटरच्या बोगद्यातून समुद्राच्या तळाखाली जातो, पेबरहोल्म नावाच्या मानवनिर्मित बेटावर वर येतो, बेटावर आणखी चार किलोमीटर धावतो आणि मग जवळजवळ आठ किलोमीटरच्या पुलावर चढून माल्मोला उतरतो. पूल वरच्या मजल्यावर मोटारी नेतो आणि खालच्या मजल्यावर आगगाड्या. मधला गाळा ४९० मीटरचा आहे आणि तो तारांनी तोललेला आहे. सगळाच पूल न बांधता अर्धा बोगदा का केला, हा प्रश्न आप्पांनी विचारला आणि तो कोणत्याही अभियंत्याला आवडावा असा आहे. कोपनहेगनचा विमानतळ अगदी काठावर आहे, त्यामुळे विमानांच्या वाटेत उंच मनोरे उभे करता येत नव्हते, आणि जहाजांची वाटही मोकळी ठेवायची होती. २००० सालच्या जुलैमध्ये हा मार्ग खुला झाला. टोलनाका स्वीडनच्या बाजूला आहे; ही नोंद आप्पांनी स्वतः वहीत केली.

माल्मोहून स्टॉकहोम सहाशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे, ते आम्ही दोन दिवसांत करणार आहोत. स्टॉकहोमहून पुढे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे बॉथनियाच्या आखाताच्या काठाने ई-४ धरून थेट हापारांडापर्यंत जाणे; हे हजार किलोमीटर आहे आणि डावीकडे जंगल, उजवीकडे जंगल अशी ती वाट सांगितली जाते. दुसरी म्हणजे रात्रीच्या बोटीत मोटार चढवून सकाळी फिनलंडमधील तुर्कूला उतरणे. आम्ही बोट निवडली, कारण तीत रात्रीचा मुक्काम आणि प्रवास दोन्ही होतात आणि चालकाला पूर्ण झोप मिळते. आप्पांच्या मते हा एकच निर्णय सगळ्या वेळापत्रकातील सर्वांत शहाणा आहे. तुर्कूहून रोव्हानिएमी साडेआठशे किलोमीटरहून अधिक आहे. त्यासाठी तीन दिवस ठेवले आहेत, कारण १,८८,००० तळ्यांच्या देशात एखाद्या तळ्याकाठी एक दुपार नुसते बसायचे आहे. तापीला उन्हाळ्यात वाळू आणि पांझरेला पावसाळ्यातच पाणी पाहत वाढलेल्या माणसाला तळ्यांचा तो आकडा वाचूनही गार वाटते.

रोव्हानिएमीला उत्तर ध्रुववृत्त ओलांडले की इनारी सरोवर, मग तिथल्या मूळ रहिवासी सामी लोकांचा प्रदेश आणि नदीवरची नॉर्वेची सीमा. फिनलंडचे घड्याळ स्वीडन आणि नॉर्वेच्या एक तास पुढे चालते, म्हणून तुर्कूला गमावलेला तास इथे परत मिळतो. तिथून नॉर्डकॅपपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात मागरोया बेटावर नेणारा समुद्राखालचा बोगदा आहे. तो जवळजवळ सात किलोमीटरचा आहे, समुद्रसपाटीच्या खाली २१२ मीटरपर्यंत उतरतो आणि पुन्हा तेवढाच चढतो. चढ तीव्र आहे, तेव्हा उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही, गिअर खालचा ठेवायचा, ही लळिंगच्या घाटात शिकवलेली गोष्ट आप्पांनी मला पुन्हा एकदा बजावली. टोकाचा कडा ३०७ मीटर उंच आहे. १६६४ साली फ्रांचेस्को नेग्री नावाचे इटालियन धर्मगुरू एकटे तिथवर पोहोचले आणि १९०७ साली सयामचे, म्हणजे आताच्या थायलंडचे, राजे चुलालाँगकॉर्न जाऊन आले. आशियातून गेलेला एक राजा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्या कड्यावर उभा होता, हे वाचून मायला फार धीर आला.

परतीची वाट नॉर्वेच्या अंगाने आहे: आल्टा, ट्रॉम्सो, लोफोटेन बेटे, बुडो, ट्रॉन्डहाइम. आल्टाला फ्योर्डच्या काठी हजारो वर्षांपूर्वी खडकावर कोरलेली चित्रे आहेत, त्यांत रेनडियर, अस्वले, होड्या आणि माणसे आहेत. १९८५ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. अजिंठ्याच्या मुलखातून आलेल्या माणसाने तिथे अर्धा दिवस न देणे बरे नव्हे. ट्रॉन्डहाइमच्या दक्षिणेला ट्रोलस्टिगेन हा अकरा तीव्र वळणांचा घाट आहे. तो मला पाहायचाच आहे, पण दरडींच्या धोक्यामुळे २०२४ सालच्या हंगामाचा बहुतेक काळ तो बंद ठेवावा लागला होता, म्हणून त्या दिवशीसाठी दुसरी वाटही वहीत लिहून ठेवली आहे. पुढे लेर्दालचा बोगदा येतो, २४.५ किलोमीटरचा, मोटारींसाठीचा जगातील सर्वांत लांब. त्यात काही किलोमीटरांच्या अंतराने खडकात तीन मोठ्या गुहा खोदल्या आहेत आणि त्यांत निळा-पिवळा उजेड सोडला आहे, हेतू असा की सलग अंधारात चालकाला गुंगी येऊ नये आणि उजाडल्यासारखे वाटावे. हे वाचून दाखवले तेव्हा आप्पा काही वेळ गप्प राहिले. रातराणीच्या चालकाची झोप ही कोणीतरी अभियंत्याने मोजून, खडक फोडून विचारात घेतलेली बाब आहे, याचे त्यांना फार मोल वाटले. पुढे ओस्लो, स्विनेसुंडचा पूल आणि गोथेनबर्ग करून पुन्हा कोपनहेगन.

मोटार जिथून घेतली तिथेच परत द्यायची, हे आम्हाला ठेच लागून कळले. जानेवारीत मी कोपनहेगनला घेऊन ओस्लोला सोडण्याच्या बोलीवर एक मोटार जवळजवळ ठरवली होती. शेवटच्या पानावर गाडी दुसऱ्या देशात सोडण्याचे वेगळे शुल्क उघड झाले आणि ते मूळ भाड्याहूनही जास्त निघाले. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी आधी लेखी विचारते: कोणत्या देशांत गाडी न्यायला परवानगी आहे, बोटीवर चढवता येते का, काच आणि टायर विम्यात येतात का, आणि नॉर्वेचा टोल कसा वसूल होतो. नॉर्वेत टोलनाक्यावर थांबावेच लागत नाही. कॅमेरा पाटी टिपतो आणि बिल भाडेकंपनीकडून नंतर येते. फ्योर्ड ओलांडणाऱ्या बोटी तिथे रस्त्याचाच भाग मानल्या जातात. मोटारी वाहून नेणारी जगातील पहिली विजेवर चालणारी बोट २०१५ साली तिथेच सुरू झाली.

व्हिसाच्या बाबतीत एक गोष्ट मनाला लागली, ती लिहिते. चारही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकच व्हिसा पुरतो, आणि तो जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे मागायचा असतो. आमचे बारा दिवस नॉर्वेत जातात, म्हणजे विमान कोपनहेगनला उतरत असले तरी अर्ज नॉर्वेकडेच. एका मोठ्या शहरातील मध्यस्थाने मात्र आम्हाला सांगितले की ज्या देशाची तारीख लवकर मिळते त्याचा अर्ज भरा, हॉटेलांची आरक्षणे दाखवण्यापुरती करा आणि नंतर रद्द करा. आम्ही तिथून उठून आलो. ज्या देशात पाहुणे म्हणून जायचे त्याच्या दारात पहिला कागद खोटा ठेवायचा, हे आप्पांच्या आणि माझ्याही पचनी पडणारे नव्हते. खरा अर्ज करणे तसे अवघडही नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो देता येतो, पंधरा दिवसांपेक्षा उशीर चालत नाही; प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे; वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो; पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा. मुक्काम १८० दिवसांत ९० दिवसांच्या आत असावा लागतो, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे दिवस मोजण्यात चूक लपत नाही. चार देशांच्या आपसांतल्या सीमांवर एरवी कोणी थांबवत नाही, तरीही पासपोर्ट हाताशी ठेवायचा.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतूनच मिळतो. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना सोबत असेल तरच त्याला अर्थ असतो. एमएच-१८ च्या कार्यालयात आप्पा माझ्याबरोबर आले होते आणि त्यांनी खिशातून आपला जुना एसटीचा बिल्ला काढून हातात धरला होता. तो कोणाला दाखवायचा नव्हता, फक्त सोबत आणला होता.

चालवण्यातील सर्वांत मोठा बदल बाजूचा आहे. तिकडे वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालतात, चालक डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताला येतो आणि चौकातील वर्तुळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचे असते. सरळ रस्त्यावर हे अंगवळणी पडते; चूक होते ती पेट्रोल भरून किंवा जेवण करून मोकळ्या रस्त्यावर पुन्हा निघताना, कारण तिथे नक्कल करायला पुढे गाडी नसते. म्हणून प्रत्येक थांब्यानंतर शेजारी बसलेल्याने मोठ्याने "उजवी" म्हणायचे आणि चालकाने ते परत म्हटल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असे ठरले आहे. गेले काही रविवार आम्ही अंगणात खुर्ची मांडून, उजव्या हातात लाटणे गिअरसारखे धरून हा सराव करतो. स्वीडनमधील लोकांनी हा बदल एका रात्रीत केला आहे. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे देशभरातील वाहने थांबली, डाव्या बाजूची उजवीकडे गेली आणि पाच वाजता वाहतूक नव्या बाजूने सुरू झाली. एक सबंध देश शिकू शकला, तर दोन माणसे नक्की शिकतील.

बाकीचे नियम थोडक्यात: दिवसाही दिवे लावलेले असावेत, चौघांचेही पट्टे बांधलेले असावेत, आणि नॉर्वेत जिथे पाटी नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये रक्तातील मद्याची मर्यादा ०.०२ टक्के आहे, म्हणजे व्यवहारात एक घोटही नाही.

जनावरांविषयी मात्र थोडक्यात लिहून भागणार नाही. शिरपूरच्या बाजूला रात्री नीलगाय रस्त्यावर येते तशी तिकडे मूस हरणे येतात, आणि त्यांचे पाय इतके उंच असतात की मोटारीची धडक पायांना बसते आणि सगळे धड थेट काचेवर येते. पहाट आणि तिन्हीसांजेची वेळ सर्वांत धोक्याची असते. लॅपलँडमधील, म्हणजे तिथल्या अगदी उत्तरेकडच्या मुलखातील, रेनडियर तर रानटी नव्हेतच, ते कोणाच्या तरी कळपातले, कोणाच्या तरी मालकीचे असतात, आणि एखाद्याला धडक बसली तर ११२ क्रमांकावर कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. आप्पांनी विचारले, "आणि ते रस्त्यातून हटले नाहीत तर?" तर इंजिन चालू ठेवून थांबायचे. मेंढरांच्या कळपासमोर साक्री रोडवर थांबतो, तसे.

खाण्याची तयारी मायने हातात घेतली आहे. आम्ही शक्य तिथे स्वयंपाकघर असलेल्या लाकडी झोपड्यांत उतरणार आहोत, कारण नॉर्वेत चौघांनी रोज बाहेर जेवणे आम्हाला झेपणारे नाही आणि आप्पांना भाकरीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना, तिने गच्चीवर जुन्या धोतरावर ज्वारीचे बिबडे थापून वाळवले. कुरडया झाल्या, काळा मसाला कुटून झाला, कळण्याचे पीठ दळून दुहेरी पिशव्यांत बंद झाले. शेव-भाजीची शेव सर्वांत शेवटी घेणार. तूप, पेढे आणि दुधाचे काहीही मात्र न्यायचे नाही, कारण भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. फळांनाही रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, अपवाद फक्त पाच फळांचा: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. आपल्या सावदा-रावेरची केळी त्या यादीत आहेत हे पाहून मायने त्याच दिवशी फणी सांगून ठेवली. नॉर्वे युरोपीय संघात नाही, त्यामुळे फिनलंडमधून तिथे जाताना सामानाचे नियम पुन्हा वेगळे होतात. बटाटे नेता येत नाहीत, ते पलीकडे जाऊन विकत घ्यायचे. झोपड्यांत धुराचे गजर असतात, म्हणून फोडणी मंद आचेवर आणि खिडकी उघडून.

मायचा एक प्रश्न वेगळाच होता. सूर्य मावळणारच नसेल तर दिवेलागण कधी करायची? मी तिला सांगितले की उन्हाळ्यात पौर्णिमेच्या सुमारास तिथे चंद्रही जवळजवळ क्षितिजावर येत नाही, कारण सूर्य आकाशात जितका वर असतो तितका पौर्णिमेचा चंद्र त्याच्या समोरच्या बाजूला खाली राहतो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की मग घरच्या घड्याळाप्रमाणे सातला हात जोडू. आपला दिवा धुळ्यात भाऊ लावेलच. आप्पांची काळजी अधिक व्यावहारिक होती. "तठे रातच व्हस नही, मंग तू झोपशी कव्हय?" असे त्यांनी मला विचारले, आणि आमच्या सामानात चार काळ्या डोळपट्ट्यांची भर पडली. उजेड आहे म्हणून गाडी चालवत राहण्याचा मोह हाच त्या वाटेवरचा सर्वांत मोठा धोका आहे असे त्यांचे ठाम मत आहे, आणि अनेक चालकांना पहाटे चार वाजता डुलकी लागताना पाहिलेल्या माणसाचे हे मत मी वादाशिवाय मान्य केले आहे.

आता एकच टप्पा ठरायचा राहिला आहे. लोफोटेनच्या दक्षिण टोकाहून, मोस्केनेसहून, बुडोला मोटारीसकट जाणारी बोट आहे. समुद्र शांत असेल तर साधारण साडेतीन तासांत पोहोचवते. तीत जागा मिळाली तर एक सबंध दिवसाचे चाक वाचते. नाही मिळाली तर आल्या वाटेने ई-१० धरून मागे फिरायचे आणि नार्विकच्या बाजूने खाली उतरायचे, त्यासाठी कोऱ्या तीन दिवसांतला एक खर्ची पडेल. आप्पांनी दोन्ही वाटा तासांसकट लिहून ठेवल्या आहेत. वहीतील बाकी सगळे शाईने लिहिलेले आहे. या दोन ओळी पेन्सिलीने आहेत, आणि शेजारी खोडरबर ठेवलेला आहे.